विषम संख्येची फुलं

आमच्या किनाऱ्यावर जिवंत माणसाला
फुलं विषम द्यायची असतात.
सम संख्या कबरीसाठी.
म्हणून बाजारात मी अ‍ॅस्टर दोनदा मोजले, सात,
आणि फुलवालीने आठवं फुकट घालायला काढलं
तेव्हा तिच्या हातावर चापट मारली.

डॉक्टर आउस्मा वीतोला यांचा आज सत्कार.
नगरभवनात, वरच्या मजल्यावर.
जिने अख्खी हयात आमचा दम मोजण्यात घालवली
तिचा सत्कार बत्तीस पायऱ्यांवर ठेवायचं
कुणाला सुचलं असेल!

मी नवव्या पायरीवर बसले आहे.
वरून भाषण येतंय, तुकड्यातुकड्यांनी:
एकतीस वर्षं… दोनशे चौदा कुटुंबं… रीगाची परिषद…
असेल. सगळं खरंच असेल.

पण बुधवारची बस त्यात नाही.
माश्यांच्या खोक्यांत दडवलेली बर्फाची पेटी नाही,
आमच्या रक्ताच्या नळ्यांना
शहरापर्यंत येणारा फ्लाउंडरचा वास नाही.

आम्ही धूरघरातली माणसं.
आल्डरची ओली लाकडं, दोरीवर मासे,
खोकला तर आडनावासारखा, जन्मापासून चिकटलेला.
त्याचं कुणाला काही वाटत नसे.
वाटलं ते माझ्या भावाचं.

ताल्रीत्स पिवळा पडत गेला.
पोट नगाऱ्यासारखं, पाय सुजून बूट होईनात.
एकोणचाळिसाव्या वर्षी गेला.
गाव म्हणालं, बाटली.
पाद्री कबरीपाशी म्हणाला, मोह.
स्वतःच्या लग्नातही बर्चचा रस प्यालेला माणूस तो.

आईने होडीखाली पाहिलं, पोटमाळ्यावर पाहिलं,
लाकडांचा ढीग उपसून विस्कटला.
एकही बाटली निघाली नाही.
म्हणाली, किती हुशारीने लपवल्यात.

चार वर्षांनी ही बाई दारात.
माझा श्वास ऐकला,
आणि विचारलं मात्र भावाबद्दल.
मग खुंटीवरचं जाळं ओढलं:
“यकृत एक राखणदार घडवतं, फुप्फुसांसाठी.
तुमच्या घरात त्याची घडी चुकते.
चुकीच्या घडीचं जाळं होडीतून सुटतं का?
तसाच तोही आत अडकतो, साचतो,
साचून साचून यकृतच नासवतो.
तिकडे फुप्फुसं उघडी, राखायला कुणी नाही.
आणि वर तुम्ही त्यांना धूर पाजता.”

मासे गुंडाळायच्या कागदावर तिने आमचं झाड काढलं.
एक फांदी बापाची, एक आईची,
दोन्हीकडून आलं तर हे असं.
आई पुटपुटली, म्हणजे चूक माझीसुद्धा.
“चूक कसली,” डॉक्टर म्हणाली, “वाटणी.
ती काही तुम्ही केलेली नाही.”

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
“म्हणजे बाटल्या नव्हत्याच?”
“नव्हत्याच.”
आई उठली, बाहेर गेली,
आणि चार वर्षं तसाच पडलेला लाकडांचा ढीग
रचायला लागली.

नंतर डॉक्टरने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं:
हा माणूस दारूने मेलेला नाही.
तो कागद आईने दुकानाच्या काचेला लावला,
माश्यांच्या दरपत्रकाशेजारी.
पाद्रीसाहेब दर शुक्रवारी मासे न्यायला येत.

वर टाळ्या. दार उघडतं.
कठडा धरून ती उतरते आहे, आता तिलाही गुडघे आहेत.
खिशात पदक आणि किल्ल्या एकमेकांवर वाजतात.
मी तोंड उघडते.
“बोलू नकोस. आधी श्वास.”
शेजारी बसते. माझ्या पाठीवर हात, सवयीने.

फुलं देते. ती मोजते,
इथलीच ना शेवटी.
एक काढून कोटाच्या काजात खोचते
आणि बाकीची माझ्या मांडीवर परत ठेवते.

“सहा,” म्हणते. “ताल्रीत्सला.
चल, उतार आहे, हळूहळू जाऊ.”